समुद्रशैवालावर पीएचडी करताय? आधी पंचांग घ्या

नेट-जेआरएफ म्हणजे फेलोशिपची परीक्षा झाली, गाइड मिळाले, कोकण किनाऱ्यावरची शैवालं हा विषय ठरला. इथपर्यंतचं तुम्हाला माहीत आहे. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, जे नसतं ते सांगते: फेलोशिप पाच वर्षांची असली तरी समुद्र तुम्हाला पाच वर्षं देत नाही.

आपल्याकडे बहुतेक शैवालं पाऊस ओसरल्यावर खडकांवर दिसू लागतात, थंडीत भरात येतात आणि उन्हाळ्यात करपतात. म्हणजे हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. त्यातही सारगॅसम या तपकिरी शैवालाच्या पट्ट्यापर्यंत पोचायचं तर उधाणाची ओहोटी हवी, म्हणजे अवस-पुनवेच्या आसपासचे मोजके दिवस. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी तेवढं मागे हटतच नाही. आता वेळ काढा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमारास. डिसेंबरात पहाटे त्या वेळी काळोख असतो आणि संध्याकाळी जेमतेम अर्धा तास उजेड उरतो. तेवढ्यात निसरड्या खडकावर क्वाड्रॅट (मोजणीची चौकट) मांडायची, फोटो काढायचे, नमुना होल्डफास्टसकट, म्हणजे खडकाला धरणाऱ्या बुडासकट, खरवडायचा, पिशवीवर नंबर घालायचा. आणि पाणी वळलं की मुकाट मागे फिरायचं.

आता हंगाम मोजा. पहिला कोर्सवर्कमध्ये जातो, शेवटचा थिसिस लिहिण्यात. उरले तीन. माझ्या वाट्याच्या २०१९-२० च्या हंगामात ऑक्टोबरला क्यार वादळ आलं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर पुढच्या सोमवारी पुन्हा लावता येतो. जानेवारीतली ओहोटी हुकली की पुढच्या जानेवारीपर्यंत थांबा. म्हणून शीर्षकात 'ऋतुमानानुसार बदल' असेल आणि आठ ठिकाणं असतील तर आत्ताच भांडा. तीन ठिकाणं पुरतात. गाइड नाराज झाले तर होऊ देत, पाचव्या वर्षी मुदतवाढीच्या अर्जावर सही तुमची असते.

वाळूवर वाहून आलेलं शैवाल गोळा करून यादी फुगवू नका. ते कुठल्या खडकावरचं, किती खोलीवरचं, काहीच सांगता येत नाही. दुसरी पळवाट जास्त लोकप्रिय आहे: शैवाल वाळवा, पूड करा, अर्क काढा, अँटिऑक्सिडंट चाचणी लावा, पेपर टाका. चाचणी वाईट नाही हो, पण पूड कशाची होती? उल्वा या हिरव्या शैवालाचा आकार जागेनुसार इतका बदलतो की एंटेरोमॉर्फा हा वेगळा मानलेला वंश (जीनस) २००३ मध्ये डीएनएच्या आधारे उल्वातच विलीन झाला. तेव्हा प्रत्येक नमुना कागदावर दाबून, वाळवून त्याची हर्बेरियम शीट करा आणि एक तुकडा सिलिका जेलमध्ये ठेवा. सगळंच फॉर्मालिनमध्ये बुडवलंत तर डीएनएचं काम अवघड होऊन बसतं.

गाइडबद्दल माझं मत कडवट आहे. पाय ओले न करणाऱ्या मोठ्या नावापेक्षा कालवं काढणाऱ्या मावश्या जास्त शिकवतात. कुठला खडक आधी उघडा पडतो, परतीची वाट कुठून बुडते, हे त्यांना विचारा. आणि त्यांचं काम चालू असताना मध्ये मध्ये करू नका.

हे सगळं वाचून विषय बदलू नका मात्र. खडक मोकळे दिसतात तेव्हाही काहीतरी चालू असतंच. पोर्फिरा हे लाल शैवाल उन्हाळ्यात कुठे जातं हे कोडं मँचेस्टरच्या कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी १९४९ मध्ये सोडवलं. शिंपल्यांत वाढणारं, वेगळंच मानलं गेलेलं कॉन्कोसेलिस ही पोर्फिराचीच दुसरी अवस्था निघाली, आणि जपानातली नोरीची, म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या पोर्फिराची, आधुनिक शेती त्यावर उभी राहिली. आपल्या किनाऱ्यावर तर पोर्फिरा पावसाळ्यातच खडकांवर येते, म्हणजे सगळ्यांचं फील्डवर्क बंद असतं तेव्हा. एखाद्या धीट मुलीला तिथे भरपूर काम आहे. जाताना स्थानिक माणूस आणि दोर बरोबर घ्या. नोकऱ्या कमी आहेत, पण शैवालशेती आणि कांदळवनांमुळे पूर्वीइतका अंधार नाही.

मालवणच्या सागरी अभयारण्यात किंवा कांदळवनात नमुने घ्यायचे असतील तर वनविभागाची परवानगी लागते. अर्ज जूनमध्येच टाका, सोबत ठिकाणांचा नकाशा आणि नमुन्यांची संख्या द्या, आणि गणपतीआधी एकदा स्वतः जाऊन फाइल कुठे आहे ते बघून या.