पाकिटावर ससा दिसला म्हणून फसू नका: क्रुएल्टी-फ्री खरेदीतल्या नेहमीच्या चुका

क्रुएल्टी-फ्री, म्हणजे प्राण्यांवर चाचणी न केलेल्या, सौंदर्यप्रसाधनांची खूण म्हणून पाकिटावर ससा छापतात. तो दिसला की लोक निर्धास्त होतात. या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण सशाचं चित्र कोणीही छापू शकतं. एका दिवाळी प्रदर्शनात घरगुती लिपबामच्या डबीवर उडी मारणारा ससा होता. विकणाऱ्या ताईंना विचारलं, "हे प्रमाणपत्र कुणाचं?" त्या म्हणाल्या, "अहो, लेबलवाल्यानेच टाकून दिलं. सगळेच टाकतात." रंग ठोक बाजारातून सुटा आणलेला, पुडीवर उत्पादकाचं नाव नाही. मग त्याची चाचणी कुठे, कशावर झाली हे ताई कशाच्या जोरावर सांगणार? बिल पाहिलं तर रंग कारमाइन निघाला, म्हणजे किडे वाळवून काढलेला. डबीवर मात्र ठळक अक्षरांत 'व्हेगन', म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेलं!

'लीपिंग बनी' या क्रुएल्टी-फ्री प्रमाणपत्राच्या खऱ्या चिन्हामागे पुरवठादारांची तपासणी असते आणि अमुक तारखेनंतर कच्च्या मालाचीही चाचणी प्राण्यांवर नको, ही अट असते. म्हणून मी चिन्ह बघून थांबत नाही, संस्थेच्या यादीत ब्रँडचं नाव शोधते. दोन मिनिटांचं काम, पण तेवढाही धीर कुणाला नसतो.

"आम्ही तयार उत्पादनाची चाचणी प्राण्यांवर करत नाही" या वाक्यावर समाधान मानू नका. घटकांचं काय, ते विचारा. मी कंपनीला ईमेल करते: पुरवठादार चाचणी करतात का, बंद केली असेल तर कधीपासून, लेखी आहे का? गोलमोल उत्तर आलं की ती वस्तू घेत नाही. १९४४ पासून चालत आलेल्या ड्रेझ चाचणीत सशाच्या डोळ्यात रसायन घालून लाली आणि जखमा मोजत. एवढं कळल्यावर गोलमोल उत्तर मला चालत नाही.

"भारतात बंदीच आहे की!" असं लोक म्हणतात. आहे. २०१४ च्या मे महिन्यात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचणीवर आली, नोव्हेंबरात चाचणी झालेल्या मालाच्या आयातीवर. पण तोच घटक औषधात किंवा डिटर्जंटमध्येही जात असेल, तर त्यासाठी तो प्राण्यांवर तपासला गेलेला असू शकतो. युरोपात २०१३ पासून विक्रीबंदी आहे, तरी रसायनांच्या वेगळ्या कायद्यामुळे हा वाद तिथेही मिटलेला नाही.

चीनमधल्या प्राण्यांवरील चाचणीच्या सक्तीबद्दल जुनी माहिती धरून बसू नका. १ मे २०२१ पासून आयात होणाऱ्या साध्या सौंदर्यप्रसाधनांना कागदपत्रं पूर्ण असल्यास चाचणीतून सूट मिळते. हेअर डाय आणि सनस्क्रीन त्यात येत नाहीत.

क्रुएल्टी-फ्री म्हणजे व्हेगन नव्हे. मधमाश्यांचं मेण, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ), लाख (किड्यांपासून मिळणारी राळ) हे घटक वेगळे तपासा. पुण्याची 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था १९७४ पासून यावर काम करते, तिची माहिती वाचा.

आणि पहिल्याच दिवशी घरातलं सगळं कचऱ्यात टाकू नका. आहे ते संपवा, पुढची बाटली बघून घ्या.