हात-पाय-तोंडाचा आजार: लहान मुलाची घरी काळजी कशी घ्यावी

तळहातांवर आणि तळपायांवर उठलेले लाल फोड पाहून घरातली सगळी मंडळी धास्तावतात. पण या आजारात मुलाला खरा त्रास होतो तो तोंडातल्या फोडांचा, कारण गिळताना दुखते म्हणून मूल खाणे-पिणे टाकते आणि अंगातले पाणी कमी होऊ लागते. त्यामुळे पुरळ कालच्यापेक्षा वाढले की कमी झाले हे पाहत बसण्यापेक्षा मुलाच्या पोटात किती पाणी गेले आणि त्याला लघवी कितीदा झाली, याकडे लक्ष ठेवावे.

आधी आजार ओळखावा

हा विषाणूंमुळे होणारा आजार असून तो प्रामुख्याने पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. कॉक्सॅकी ए १६, कॉक्सॅकी ए ६ आणि एन्टेरोव्हायरस ७१ हे त्याला कारणीभूत ठरणारे नेहमीचे विषाणू होत. संसर्ग झाल्यावर साधारण ३ ते ६ दिवसांनी ताप येतो, मूल किरकिर करते, घसा दुखतो, लाळ गळू लागते. त्यानंतर एक-दोन दिवसांत जीभ, टाळू आणि गालांच्या आतल्या बाजूला फोड येतात आणि तळहात, तळपाय, कधी गुडघे, कोपरे व कुल्ल्यांवरही पुरळ उठते. कांजण्यांचे फोड मुख्यतः छाती, पोट आणि पाठीवर असतात आणि त्यांना खूप खाज सुटते. इथे हात, पाय आणि तोंड यांवर जोर असतो. तरीही निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. जनावरांना होणाऱ्या लाळ्या-खुरकुताशी या आजाराचा काहीही संबंध नाही, तेव्हा दूध बंद करण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये केरळमध्ये ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून जो गाजला, तोही याच आजाराचा प्रकार असल्याचे मानले जाते.

ताप आणि वेदना कमी कराव्यात

विषाणूवर नेमके औषध नाही आणि अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी ते लिहून दिले नाही म्हणून नाराज होऊ नये. ताप व दुखणे यांसाठी पॅरासिटामॉल पुरते. त्याची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान ४ ते ६ तासांचे अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. गडबड होते ती बाटलीमुळे. आपल्याकडे ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम (थेंबांचे औषध) असे तिन्ही प्रकार मिळतात. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे ठरले, तर पहिल्या बाटलीतून सुमारे ६, दुसरीतून ३ आणि थेंबांच्या औषधातून दीड मिलिलिटर एवढेच द्यावे लागते. म्हणून शेजारच्या घरातली बाटली वापरण्याआधी तिच्यावरचा आकडा वाचावा आणि सोबतच्या मापानेच औषध मोजावे. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे न्यावे. ॲस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नये, कारण त्यातून यकृत व मेंदूवर आघात करणारा, दुर्मीळ पण गंभीर विकार होऊ शकतो.

आजीच्या बटव्यातला मधात खललेला टाकणखार तोंडाला लावू नये. तो लहान मुलांना विषारी ठरू शकतो. सुन्न करणारे जेलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

थोडे-थोडे पण सतत पाजावे

औषध दिल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने दुखणे उतरते, तीच खाण्या-पिण्याची वेळ समजावी. मूल पेला तोंडाला लावू देत नसेल, तर चमच्याने दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा द्यावा. तासाभरात त्यातून बरेच पाणी पोटात जाते. बाटलीचे निपल चोखताना दुखते, त्यामुळे वाटी-चमचा बरा. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईने वारंवार पाजत राहावे. सहा महिन्यांपुढच्या मुलाला गार दूध, दही, मीठ-मसाला न घातलेले ताक, गार केलेली तांदळाची पेज, मऊ खिचडी, कुस्करलेले केळे असे द्यावे. संत्री, मोसंबी, लिंबाचे सरबत, टोमॅटो आणि तिखट-खारट पदार्थ फोडांना झोंबतात. आइस्क्रीमने तोंडाला थंडावा मिळतो, तेव्हा सर्दी होईल म्हणून ते नाकारू नये. एक-दोन दिवस जेवण कमी झाले तरी चालते, पाणी मात्र कमी पडता कामा नये. लघवी कमी वाटल्यास ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, म्हणजे मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, कालवावी.

आंघोळ बंद करू नये. साध्या कोमट पाण्याने अंग धुऊन हलक्या हाताने टिपावे आणि फोड फोडू नयेत.

घरात आणि बालवाडीत पसरू देऊ नये

विषाणू लाळ, शेंबूड, फोडांतला द्रव आणि शी यांतून पसरतो, आणि शीमधून तर मूल बरे झाल्यावरही काही आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून लंगोट बदलल्यावर व शी धुतल्यावर साबण-पाण्याने हात धुवावेत. या विषाणूंवर अल्कोहोलचे सॅनिटायझर कमी प्रभावी ठरते. पेला, चमचा आणि टॉवेल वेगळे ठेवावेत, खेळणी धुवावीत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या सूचनांनुसार लक्षणे दिसल्यापासून ५ ते ७ दिवस मुलाला इतरांपासून वेगळे ठेवावे; ताप पूर्ण जाऊन फोड सुकल्यावरच बालवाडीत पाठवावे.

डॉक्टरांकडे ताबडतोब केव्हा न्यावे

सहा-आठ तास लघवी न होणे, रडताना अश्रू न येणे, तीन दिवसांपुढे ताप राहणे, वारंवार उलट्या, झोपेत दचकल्यासारखे झटके, गुंगी, चालताना तोल जाणे, मान ताठ होणे, धाप लागणे किंवा हातपाय थंड पडणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. एन्टेरोव्हायरस ७१ क्वचित मेंदूवर परिणाम करतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला आजार झाल्यास सुरुवातीलाच दाखवावे.

बहुतेक मुले ७ ते १० दिवसांत बरी होतात. त्यानंतर काही आठवड्यांनी एखाद्या मुलाची नखे सुटून येतात किंवा तळहाताची साल निघते; हा मुख्यतः कॉक्सॅकी ए ६ चा परिणाम असून नवी नखे आपोआप येतात, त्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करण्याची गरज नसते.