‘नेव्हर लेट मी गो’: आधी वाचा, मग बघा, आणि कसं ते सांगते

ही कादंबरी हातात घेतलीत की मलपृष्ठ वाचू नका आणि पहिलं पान दोनदा वाचा. काझुओ इशिगुरोची ‘नेव्हर लेट मी गो’ (2005) लोक एकमेकांना रहस्यकथेसारखी देतात, ‘शेवट सांगणार नाही हं’ असं बजावून. इशिगुरो मात्र फारसं काही लपवत नाही. कॅथी नावाची 31 वर्षांची बाई पहिल्याच पानावर सांगते, की ती अकरा वर्षांहून जास्त काळ ‘केअरर’, म्हणजे डोनरची काळजी घेणारी, आहे आणि तिचे डोनर चौथ्या डोनेशनच्या आधीसुद्धा फारसे अस्वस्थ होत नाहीत.

बहुतेक वाचक या ओळीवरून सहज पुढे जातात. मी तिथेच अडकले. मी साताऱ्यात डायलिसिस टेक्निशियन आहे, डोनर हा शब्द आमच्याकडे रोजचा. जिवंत माणूस एक किडनी देऊ शकतो. लिव्हरचा तुकडा देऊ शकतो. तिसरं काय? आणि चौथं? एसटीत बसून बोटांवर मोजलं आणि गोष्ट कुठे जाणार ते कळलं. तरी पुस्तक मिटवलं नाही. तेव्हा गुपित फुटलं तर फुटू द्या. पुढे मीही राखून लिहिणार नाही: कॅथी आणि तिच्या शाळेतली मुलं अवयव काढून घेण्यासाठीच वाढवलेले क्लोन आहेत.

इंग्रजीची धास्ती असेल तर ही कादंबरी त्यासाठी बरी आहे. वाक्यं साधी, शब्द रोजचे. अडचण येते ती कॅथीच्या सांगण्याच्या पद्धतीची. लग्नाचा अल्बम दाखवणाऱ्या मावशीसारखी ती एका फोटोवर बोट ठेवते, मग म्हणते, थांब, हे कळायला आधीचं सांगायला हवं, आणि ते सांगताना त्याच्याही आधीचं. पानं उलटून पुढे पळालात तर हातचं जाईल, कारण महत्त्वाचं तेवढं ती ‘जाता जाता’ सांगते.

कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिला हेल्शम या निवासी शाळेचा. तो संपला की दोन-चार दिवस थांबा. भीतीदायक सगळं याच भागात आहे, आणि रक्ताचा थेंब नाही. एक उदाहरण देते. शाळेत अधूनमधून ‘सेल’ भरतो. बाहेरून खोकी येतात, मुलं जपून ठेवलेली टोकनं देऊन त्यातल्या वस्तू घेतात आणि हरखून जातात. ज्या कॅसेटवरून कादंबरीचं नाव आलं तीही कॅथीला अशाच सेलमध्ये मिळते. (गायिका ज्युडी ब्रिजवॉटर इशिगुरोच्या कल्पनेतली आहे, यूट्यूबवर शोधत बसू नका.) किंवा शाळेमागच्या जंगलाच्या कथा घ्या: पळून गेलेल्या मुलाचं प्रेत झाडाला बांधलेलं सापडलं, हातपाय तोडलेले. या कथा मुलंच मुलांना सांगतात. कुंपणाची गरज कशी संपते ते तिथे दिसतं.

मिस लूसीचा प्रसंग सावकाश वाचा. पावसात अडकलेली मुलं, पुढे नट व्हायचं वगैरे गप्पा, आणि ही शिक्षिका न राहवून सांगते की तुमच्यातलं कुणी अमेरिकेला जाणार नाही, तुमची आयुष्यं ठरलेली आहेत. मुलांवर परिणाम काय होतो? जवळपास काहीच नाही. त्यांना ते कधीपासून माहीत आहे आणि कधीच नीट कळलेलं नाही. आमच्या युनिटला पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचा चेहरा मला तिथे आठवला. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा त्याला पाठ असतो. त्या आकड्यापुढे काय आहे हे तो विचारत नाही.

दुसरा भाग, शाळा सुटल्यावर मुलं राहतात त्या कॉटेजमधला, मला जरा लांबलेला वाटतो. कॅथीची शाळेपासूनची मैत्रीण रूथ, तिचे रुसवे-फुगवे कंटाळा आणतात. तरी गाळू नका, नाहीतर तिसऱ्या भागात रूथ माफी मागते तेव्हा काही हलणार नाही.

पुस्तक संपलं की मगच 2010 चा चित्रपट. दिग्दर्शक मार्क रोमानेक, पटकथा ॲलेक्स गार्लंडची, लांबी पावणेदोन तासांच्या आत. कॅरी मलिगन कॅथी, अँड्र्यू गारफिल्ड टॉमी (कॅथीला आवडणारा शाळासोबती), कीरा नाइटली रूथ. हेल्शमसाठी लंडनच्या रिचमंडमधलं हॅम हाउस वापरलंय. उलट क्रमाने गेलात तर कॅथीच्या जागी कायम मलिगनचा चेहरा दिसेल. तो चेहरा उत्तम आहे, पण तुमचा नाही.

सुरुवातीची पाटी नीट वाचा. 1952 मध्ये वैद्यकशास्त्राला मोठं यश आलं आणि 1967 पर्यंत माणसाचं सरासरी आयुष्य शंभरीपार गेलं, असं ती सांगते. आपल्या जगात 1967 च्या डिसेंबरात केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसावर पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं आणि तो रुग्ण अठरा दिवस जगला. एवढं ठाऊक असलं की पाटीतला शांत सूर अंगावर येतो.

मग तीन ठिकाणी लक्ष द्या. पहिलं, कॅफे. शाळेत चहा मागवण्याचा सराव केलेली ही पोरं खऱ्या कॅफेत गोंधळतात आणि एकाने मागवलं तेच सगळे मागवतात. हसू येतं आणि लगेच लाज वाटते.

दुसरं, मनगटावरचे पट्टे. दाराशी मुलं ते यंत्रापुढे धरून हजेरी लावतात. पुस्तकात असलं काही नाही, आणि माझ्या मते हीच चित्रपटाची मोठी चूक. ‘पळून का जात नाहीत?’ हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारतो. इशिगुरो त्याचं सोयीचं उत्तर देत नाही. चित्रपट अर्धवट देऊन मोकळा होतो. माझी सहकारी म्हणते, पडद्यावर दोन तासांत एवढं तरी दाखवावंच लागतं. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

तिसरं, रूथचं ऑपरेशन. पुस्तकात हे दिसत नाही. चित्रपटात अवयव काढतात, मशीन बंद होतं आणि सगळे तिला टेबलावर तशीच सोडून निघून जातात. इथे मी चित्रपटाला पूर्ण मार्क देते. आपल्याकडे ब्रेनडेड दात्याचे अवयव काढल्यावर शरीर व्यवस्थित शिवून घरच्यांच्या ताब्यात देतात. त्या न घातलेल्या टाक्यांतून मला सगळं जग कळलं.

अगदी शेवटी कॅथीचं एक स्वगत जोडलंय, आमची आयुष्यं आम्ही वाचवतो त्या माणसांपेक्षा फार वेगळी होती का, अशा अर्थाचं. तिथे आवाज बंद केलात तरी बिघडत नाही.

कुणासोबत बघावं? प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असलेल्या माणसासोबत नको, त्याच्या घरच्यांसोबतही नको. आणि हे पाहून अवयवदानालाच भ्यायचं कारण नाही. आपल्याकडे 1994 चा कायदा आहे आणि दात्याची संमती हा त्याचा पाया. संमतीची गरजच नसलेल्या जगाची ही गोष्ट आहे.

चार जण जमून चर्चा करणार असाल तर ‘पळून का गेले नाहीत’ने सुरुवात नको, तासभर त्यातच जातो. त्याऐवजी विचारा: ज्यांना हे अवयव मिळाले ती माणसं कुठे आहेत? पुस्तकात एकही नाही, चित्रपटातही नाही. मी तसली माणसं रोज पाहते, म्हणजे अजून न मिळालेली. आठवड्यातून दोन-तीनदा येतात, हातातल्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी ऑपरेशनने तयार केलेल्या शिरेवर) दोन सुया टोचून घेतात, नातवाच्या बारशाची तारीख सांगून स्लॉट बदलून मागतात. त्यांच्यातल्या एकाला कुणी म्हटलं, किडनी तयार आहे, कुठून आली ते विचारू नका, तर तो विचारेल का? त्याची बायको विचारेल? आमच्या चर्चेत या प्रश्नावर चहा गार झाला आणि एक जण चिडून उठून गेले. पुढच्या वेळी मात्र तेच पुस्तकाची स्वतःची प्रत घेऊन आले, पहिल्या पानावर पेन्सिलीने खुणा केलेली.