कॅपो लावला की गिटार बेसूर का होते? या चुका टाळा

कॅपो म्हणजे गिटारच्या दांड्यावर बसणारा चिमटा. तो सहाही तारा एका फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) दाबून धरतो आणि दर फ्रेटमागे सूर अर्ध्या स्वराने चढवतो. काम एवढंच, तरी नवशिक्यांच्या गिटारवर तो बसला की सूर बिघडतो आणि दोष तारांना दिला जातो.

पहिला घोळ जागेचा. कॅपो दोन पट्ट्यांच्या मधोमध लावला तर तारा पक्क्या दाबण्यासाठी जास्त जोर लागतो. जोर वाढला की तार खाली वाकते, ताणली जाते आणि सूर चढतो. अगदी धातूच्या पट्टीवरच बसवला तर आवाज दबका येतो. कॅपोची जागा पट्टीच्या अगदी मागे, हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या टोकाच्या) बाजूला, आणि तिला समांतर. स्क्रूचा कॅपो असेल तर एकेक तार छेडत हळूहळू आवळा. खरखर थांबली की पाव फेरा आणखी, बस्स. स्प्रिंगच्या कॅपोचा दाब सहसा बदलता येत नाही, म्हणून त्याची जागा आणखी काटेकोर हवी. लावताना तारा आडव्या ओढल्या जाणार नाहीत, हेही बघा.

दुसरी चूक ट्यूनरची (सूर मोजणाऱ्या यंत्राची), आणि ही फार महागात पडते. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, ट्यूनर गिटार मोडवर. त्या मोडला फक्त ई, ए, डी, जी, बी, ई हेच सूर ठाऊक. कॅपोमुळे जाडी तार एफ शार्प वाजते. ट्यूनर म्हणतो, चढली आहे. शिकणारा एकेक तार उतरवत जातो, हिरवा दिवा लागेपर्यंत. सहाही तारा दोन अर्धस्वर खाली आल्या, म्हणजे कॅपो लावून न लावल्यासारखाच! गायक सुरू झाला की गाण्याची पट्टी (स्केल) जुळत नाही, आणि कॅपो काढला तर गिटार डी स्टँडर्डमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा दोन अर्धस्वर खाली. हे निस्तरण्यात सरावाची वेळ जाते. आधी कॅपोशिवाय ट्यून करा, मग तो लावा, मग क्रोमॅटिक मोडवर (तो बाराही सूर ओळखतो) तपासा. दुसऱ्या फ्रेटवर एफ शार्प, बी, ई, ए, सी शार्प, एफ शार्प दिसायला हवं. किरकोळ फरक असेल तर आधी कॅपो काढून पुन्हा लावा. खुंटीला हात नंतर. घाईत खुंट्या पिळणं हा उपाय नव्हे.

कॉर्डच्या नावांचाही गोंधळ होतो. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जीचा आकार (बोटांची मांडणी) धरला तर ऐकू येतो ए. सोबतच्या बिनकॅपोच्या गिटारिस्टला ‘जी, डी, ई मायनर, सी’ सांगितलंत तर दोघांची पट्टी वेगळी होणार. त्याला ए, ई, एफ शार्प मायनर, डी सांगा. टॅबमध्ये (कोणती तार कोणत्या फ्रेटवर, हे आकड्यांनी लिहिलेल्या नोटेशनमध्ये) मात्र शून्य म्हणजे कॅपोवरची मोकळी तार. फ्रेट तिथूनच मोजायचे.

फ्रेट बदलताना कॅपो सरकवू नका, उचलून ठेवा.

क्लासिकल गिटारचा फिंगरबोर्ड बहुधा सपाट आणि रुंद असतो. गोलाईचा कॅपो तिथे सगळ्या तारा सारख्या दाबत नाही. सपाट घ्या.

बार कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा आडव्या दाबायचे, जसा एफ) जमत नाहीत म्हणून प्रत्येक गाण्याला कॅपो लावणं मला अजिबात पटत नाही. एफ शिकायचाच आहे. गायकाच्या गळ्यासाठी पट्टी चढवायची असेल तर जरूर लावा. पट्टी उतरवायची असेल तरी सोय आहे: सीमधलं गाणं बी फ्लॅटमध्ये हवं असेल तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जीचे आकार धरा.