रॅकेट बदलण्याआधी गटिंग बदला

दुकानात बॅडमिंटनची रॅकेट बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती किमतीपर्यंत दाखवू?’ खरं तर त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. एकेरी खेळता की दुहेरी? पिसांच्या शटलने की नायलॉनच्या? आणि मागच्या रेषेवरून मारलेला तुमचा क्लिअर, म्हणजे उंच आणि लांब फटका, समोरच्या मागच्या रेषेपर्यंत पोचतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘कधी पोचतो, कधी नाही’ असं असेल, तर महागडी रॅकेट घेऊन तो पोचणार नाही. बहुतेकांची रॅकेट ठीकच असते. चुकलेलं असतं ते गटिंग, म्हणजे जाळीचा धागा (गट) ओढून बसवणं, नाहीतर ग्रिप, म्हणजे मुठीवरची पट्टी.

क्लिअर तपासण्याआधी शटल तपासा, नाहीतर सगळा हिशोब चुकतो. नियमातलीच पद्धत आहे: मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर, पूर्ण जोराने, बाजूच्या रेषेला समांतर फटका मारायचा. योग्य वेगाचं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडतं. हवा तापली की विरळ होते आणि शटल लांब जातं. पिसांच्या शटलवर वेगाचा नंबर असतो, आकडा लहान तितकं शटल मंद. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये गोव्यात ७७ नंबर बाहेर जायला लागलं तर ७६ घ्या. नायलॉनमध्ये हिरव्या पट्टीचं घ्या, ते मंद असतं आणि उष्ण हवेसाठीच असतं. निळ्या पट्टीने खेळून ‘माझा क्लिअर मस्त जातो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो जोर हाताचा नसतो, हवेचा असतो.

शटल बरोबर मिळालं की दहा क्लिअर मारा. मागच्या रेषेच्या आतल्या ७६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे दुहेरीच्या सर्व्हिसची लांब रेषा आणि मागची रेषा यांच्या मधे, सात-आठ पडले तर हात तयार आहे. चार-पाचच पडले तर पुढचं सगळं वाचताना मऊ शाफ्ट (मूठ आणि डोकं जोडणारा दांडा) आणि गटाचा कमी ताण या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

रॅकेटवरचे आकडे

मुठीच्या वरच्या टोपीवर ‘४यू जी५’ असं काहीतरी छापलेलं असतं. यू म्हणजे गटिंगशिवायचं वजन. योनेक्स कंपनीच्या मोजणीत ३यू म्हणजे ८५ ते ८९.९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४.९, ५यू ७५ ते ७९.९. आकडा वाढला की वजन घटतं. जी म्हणजे मुठीची जाडी, तीही उलटीच: जी५ ही जी४पेक्षा बारीक. शंका असेल तेव्हा बारीक मूठ घ्या. वरून ग्रिप गुंडाळून जाड करता येते, जाड मूठ बारीक करता येत नाही.

गोव्यात बहुतेक जण संध्याकाळी तासाचं कोर्ट घेऊन दुहेरीच खेळतात. त्यांना ४यू पुरते. ३यू एकेरीवाल्याने घ्यावी, किंवा ज्याचा खांदा आधीपासून मजबूत आहे त्याने. ५यू हातात घेताच आवडते, कारण दुकानात हवेत फिरवताना हलकी वस्तू चांगलीच वाटते. पण समोरून जोराचा स्मॅश आला की हलकं डोकं मागे ढकललं जातं आणि ब्लॉक, म्हणजे नुसती रॅकेट लावून परतवलेला फटका, नेटमध्ये जातो. मुलांना, मनगट नाजूक असणाऱ्यांना आणि फक्त नेटजवळ खेळणाऱ्यांना मात्र ५यू बरोबर.

वजनापेक्षा जास्त फरक पडतो तो तोल कुठे आहे याने. घरी मोजा. टेबलाच्या कडेवर पेन्सिल आडवी ठेवून चिकटपट्टीने बसवा, तिच्यावर शाफ्ट ठेवा आणि रॅकेट कुठल्याच बाजूला झुकणार नाही अशी जागा शोधा. मुठीच्या तळापासून तिथपर्यंत टेपने मोजा. गटिंग न केलेल्या रॅकेटचं ढोबळ गणित असं: २८५ मिलिमीटरच्या आत आलं तर डोकं हलकं, २८५ ते २९५ मध्यम, त्यापुढे डोकं जड.

मात्र गटिंग केलं की हा आकडा सरकतो. दहा मीटर गट चार ग्रॅमच्या आसपास भरतो आणि तोल साधारण एक सेंटिमीटर डोक्याकडे नेतो. वरून एक ओव्हरग्रिप गुंडाळली की पाचेक ग्रॅम मुठीत येतात आणि तोल तेवढाच मागे येतो. म्हणजे ‘माझी रॅकेट डोक्याला जड, डिफेन्समध्ये उशीर होतो’ अशी तक्रार असेल तर नवी रॅकेट बघण्याआधी दुसरी ओव्हरग्रिप लावून पाहा. उलट हवं असेल तर फ्रेमच्या माथ्यावर दोन ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवा. तोल आठ-नऊ मिलिमीटर पुढे जातो. पैसे खर्चायच्या आधी हे दोन्ही प्रयोग करून घ्यावेत.

डोकं जड म्हणजे स्मॅश आणि डोकं हलकं म्हणजे डिफेन्स, हा दुकानातला पाठ अर्धाच खरा आहे. भारताचा दुहेरीतला खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा २०२३ सालचा ताशी ५६५ किलोमीटरचा विक्रमी स्मॅश नॅनोफ्लेअर १००० झेड या डोक्याला हलक्या रॅकेटने मारलेला होता. वेग रॅकेटच्या डोक्याच्या गतीतून येतो. जड डोकं तुम्हाला तितक्याच झपाट्याने फिरवता आलं तरच त्याचा फायदा, नाहीतर तोटा.

दुहेरीत जोडीने विचार करा. योनेक्सने अॅस्ट्रॉक्स ८८ची एस आणि डी अशी दोन रूपं काढली ती याचसाठी: एस पुढे नेट सांभाळणाऱ्यासाठी, डी मागून मारणाऱ्यासाठी. पण आपल्याकडच्या क्लबातल्या दुहेरीत दर दुसऱ्या रॅलीत जागा बदलतात, म्हणून मधल्या तोलाची रॅकेट जास्त उपयोगी पडते. योनेक्सची आर्कसेबर, व्हिक्टरची ड्राइव्हएक्स, ली-निंगची हालबर्टेक या मालिका त्याच प्रकारच्या.

शाफ्टबद्दल थोडक्यात: मनगटाचा झटका उशिरा आणि जोरात येत असेल तर कडक, हात लांब लयीत फिरत असेल तर मऊ. कडक शाफ्ट मंद हाताला वाकतच नाही, मग शटल मेल्यासारखं निघतं आणि सगळा हादरा कोपराला बसतो. ठरत नसेल तर मध्यम घ्या.

गट आणि ताण

पहिली गोष्ट, आणि हीच सगळ्यात जास्त चुकते: ताण वाढवल्याने जोर वाढत नाही. ढिला गट शटलला जास्त वेळ धरून उसळवतो, म्हणून कमी ताणावर शटल आपोआप लांब जातं आणि जाळीचा उपयोगी मधला भागही मोठा राहतो. ताण वाढला की ती मदत संपते. बदल्यात नेमकेपणा मिळतो, पण जोर स्वतःचा लागतो आणि शटल अगदी मधे लागावं लागतं. २८ पाउंडाला ‘टण्ण’ असा आवाज येतो. त्या आवाजावर भाळून पुष्कळ जण फसतात.

नव्याने खेळणाऱ्याने २० ते २२ पाउंड ठेवावं. वर सांगितलेल्या चाचणीत दहात चार-पाच पडत असतील तर २३ किंवा २४. सात-आठ पडत असतील तर २५-२६. २७च्या पुढे रोज प्रशिक्षण घेणाऱ्यांनीच जावं. दर गटिंगला एकच पाउंड वाढवा, आणि क्लिअर आखूड पडायला लागला तर निमूटपणे एक पाउंड खाली या. फ्रेमवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका; एकाच मॉडेलच्या ४यूवर २० ते २८ आणि ३यूवर २१ ते २९ असं वेगळं लिहिलेलं असू शकतं. मर्यादेबाहेर फ्रेम फुटली तर वॉरंटी मिळत नाही.

आता जाडी. योनेक्सचा बीजी ६५ हा ०.७० मिलिमीटरचा, टिकाऊ आणि जरा बोथट. नायलॉनने खेळणाऱ्यांनी आणि महिन्याला गट तोडणाऱ्यांनी डोळे मिटून हाच घ्यावा. बीजी ८० हा ०.६८चा, कडक, जोरात मारणाऱ्यांना आवडणारा; कमी ताणावर त्याची मजा नाही. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ आणि एक्सबोल्ट ६३ हा ०.६३: दोन्ही झटकन उसळवतात, ड्राइव्ह (सपाट, वेगवान फटके) आणि नेटवरच्या दुहेरीला उत्तम, पण फटका कडेला लागला की तुटतात. एरोबाइटमध्ये उभे धागे ०.६७चे आणि आडवे ०.६१चे असतात, उभ्यांचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यामुळे नेटवर शटलला फिरकी देता येते आणि कापून मारलेले ड्रॉप (नेटच्या जवळ हळूच टाकलेले फटके) वळतात. हाताला कसब नसेल तर त्याचा उपयोग फक्त लवकर तुटण्यात होतो.

गटिंगवाल्याला ‘चोवीस’ एवढंच सांगून येऊ नका. गटाचं नाव सांगा, उभ्याला किती आणि आडव्याला किती तेही सांगा. उभ्याला २४ असेल तर आडव्याला २५ किंवा २६ मागा. आडवे धागे उभ्यांमधून विणताना घासले जातात आणि त्यांचा ताण हरवतो. शिवाय दोन्ही सारखे ओढले तर डोकं आखूड आणि रुंद होऊ पाहतं. मशीन कुठलं तेही विचारा. हँडल फिरवून कुलूप पडणाऱ्या साध्या मशीनवर कुलूप पडताच गट सैलावतो. सतत ओढून धरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मशीनवर तसं होत नाही. म्हणून पणजीतलं २४ आणि तुमच्या गावातलं २४ हाताला वेगळं लागू शकतं. एकच माणूस आणि एकच मशीन धरून राहिलात तर आकड्याला अर्थ राहतो.

रॅकेट परत घेताना दुकानातच दोन मिनिटं थांबा. समोर धरून डोक्याचा आकार पाहा, डाव्या-उजव्या बाजू सारख्या हव्यात. एक बाजू फुगलेली दिसली तर गट ओढताना फ्रेमला नीट आधार दिलेला नव्हता. मग फ्रेमच्या कडेवरून बोट फिरवत प्रत्येक ग्रॉमेट, म्हणजे भोकातली प्लॅस्टिकची नळी, जागेवर आहे का बघा. फुटलेल्या ग्रॉमेटमधून गट थेट कार्बनच्या धारेवर घासतो आणि आठवड्यात तिथेच तुटतो. गट दर वेळी फ्रेमजवळ एकाच जागी तुटत असेल तर गटाला शिव्या देऊ नका; पाच मिनिटं लागतात, ती नळी बदलून घ्या.

गट न तुटताही मरतो. डोक्यावरचे धागे दर दोन फटक्यांनी बोटांनी सरळ करावे लागत असतील आणि तळहाताच्या कडेवर आपटल्यावर आवाज बद्द येत असेल, तर तो कापून टाका. आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्याने तुटण्याची वाट न बघता वर्षातून तीन वेळा तरी गटिंग करावं.

दमट हवेत

गोव्यातलं पेडे असो, कांपाल असो की नावेली, जुलैत हॉलमध्ये शिरल्यावर दहाव्या मिनिटाला हात ओला होतो. ओल्या हाताने माणूस मूठ आवळतो, आवळलेल्या मुठीतून मनगट फिरत नाही आणि दोष मात्र रॅकेटला दिला जातो. पावसाळ्यात चिकट ओव्हरग्रिपपेक्षा टॉवेल ग्रिप बरी, पण ती दोन-तीन आठवड्यांत बदला. जुनी झाली की बुरशीचा वास येतो. मूळ ग्रिप काढून लाकडावर पातळ फोमची एक पट्टी आणि वर टॉवेल असं गुंडाळलं तर जाडी आटोक्यात राहते. नायलॉनचा गट ओलावा ओढून सैल पडतो, तेव्हा पावसात नेहमीपेक्षा एक पाउंड जास्त घ्यायला हरकत नाही.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत रॅकेट ठेवू नका. तिथल्या उष्णतेने एका दुपारीत ताण उतरतो. बाल्कावातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, खिळ्यावर टांगूनही ठेवू नका. आतल्या खोलीत, कपाटावर, आडवी ठेवा, पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून.

आणि खेळता खेळता गट तुटला तर घरी जाईपर्यंत तसाच ठेवू नका. एका बाजूचा ताण गेला की उरलेला ताण फ्रेमला पिळतो, आणि २६-२७ पाउंडावर एका रात्रीत डोकं वाकडं होऊ शकतं. पिशवीत छोटी कात्री ठेवा. जाळीच्या मधोमध सुरुवात करा, एक उभा, एक आडवा असे तिरपे कापत चारी कोपऱ्यांकडे या, मग तुकडे ओढून काढा.