चेंबर मोठा करून घेण्याआधी: परवानाधारकांनी या चुका टाळाव्यात

गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांत कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीच्या, राखणीसाठी ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांतील पुष्कळांची बंदूक आजोबांच्या काळची असते. तिची काडतुसे बाजारात मिळेनाशी झाली की मालक ती घेऊन माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याकडे येतो आणि म्हणतो, ‘बाब, नळी हीच राहू दे, फक्त चेंबर मोठा करून द्या.’ या ‘फक्त’ शब्दाचा मला आता वीट आला आहे. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसते ती जागा. नळी आणि काडतूस यांची जोडी कारखान्यात ठरलेली असते. लेथवर भोक रुंद करता येते, परंतु त्या भोकाच्या आधारावर ठरलेली बाकीची मापे जिथल्या तिथेच राहतात.

सर्वांत मोठी चूक १६ बोअरची दुनळी १२ बोअरची करून घेण्याची आहे (बोअरचा आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद). अशी एक दुनळी सत्तरीतील एका बागायतदाराने माझ्याकडे आणली होती. बंदूक युरोपीय बनावटीची आणि चांगल्या घडणीची होती; तिच्या मालकाने ट्रॉलरच्या इंजिनांचे सुटे भाग घडवणाऱ्या एका कारागिराकडून दोन्ही चेंबर वाढवून घेतले होते. ‘काडतूस अगदी गुळगुळीत बसते’ असे तो अभिमानाने सांगत होता आणि तक्रार एवढीच होती, की धक्का फार बसतो व डाव्या नळीतील रिकामे काडतूस अडकते. नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली, तेव्हा चेंबरच्या पुढे अंगठीसारखी सावली दिसली. बाहेरून बोट फिरवले, तर फुगवटा हाताला लागत होता. कारण साधे आहे. १२ बोअरच्या नळीचा आतील व्यास सुमारे १८.५ मि.मी. असतो आणि १६ बोअरचा सुमारे १६.८ मि.मी. कारागिराने चेंबर वाढवला, परंतु नळी अरुंदच राहिली, त्यामुळे १८.५ मि.मी. नळीसाठी मापलेला छर्ऱ्यांचा भार आणि त्यामागचा वॅड, म्हणजे छर्रे पुढे ढकलणारा बूच, प्रत्येक वेळी बार करताना एकदम अरुंद नळीत कोंबला जात होता आणि दाब नेमका त्याच जागी चढत होता. वर, चेंबरच्या भिंतीतून सभोवार सुमारे पाऊण मिलिमीटर पोलाद कमी झाले होते, आणि दुनळीत दोन चेंबरांमधली भिंत मुळातच पातळ असते. आणखी काही बार झाले असते, तर नळी फुटली असती आणि ती ज्या जागी फुटते, तिथे नेम धरणाऱ्याचा डावा हात असतो.

मालकाला मी ती बंदूक पुन्हा वापरू नये असे सांगितले, तेव्हा त्याने दुसऱ्या कारागिराचा पत्ता मागितला. अशा अधीरतेवर माझ्याकडे औषध नाही. नळीवरचे प्रूफचे शिक्के मूळ बोअर आणि मूळ चेंबर यांची चाचणी झाल्याचे सांगतात. चेंबर बदलल्यावर ते शिक्के निरर्थक होतात. शिवाय शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ मध्ये बंदुकीची दुरुस्ती आणि बंदुकीचे रूपांतर ही वेगवेगळी कामे आहेत, दोन्हींना परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाची शिक्षा किमान सात वर्षांची आहे. परवान्यावर १६ बोअर लिहिलेले आणि हातात १२ बोअर, ही विसंगती नूतनीकरणाच्या वेळी कधी ना कधी उघड होतेच. माझा सल्ला ठरलेला आहे: जुनी बंदूक रीतसर विक्रेत्याकडे द्यावी, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे शस्त्र बदलण्यासाठी अर्ज करावा आणि कारखान्यातून आलेली १२ बोअर घ्यावी. यात महिने जातात, ते जाऊ द्यावेत.

दुसरी चूक रायफलवाल्यांची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली, तरी शिकारीच्या काळातील .३१५ (नळीचे माप, इंचांत) रायफली काही घरांत टिकून आहेत, आणि त्यांचे तरुण वारस विचारतात, की हीच रायफल .३०-०६ काडतुसाची का होऊ नये, दोन्ही आपल्याच आयुध निर्माणीच्या आहेत ना? .३१५ चे काडतूस कडेचे, म्हणजे बुडाला बाहेर आलेली किनार असलेले असते आणि ते त्या किनारीवर चेंबरमध्ये टेकते; .३०-०६ बिनकडेचे असून खांद्यावर टेकते. बोल्टचे, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचे, तोंड, काडतूस खेचणारी आकडी आणि हेडस्पेसचे (बोल्टचे तोंड आणि काडतूस टेकण्याची जागा यांतील अंतराचे) माप असे सगळेच वेगळे पडते. .३०-०६ चे भरलेले काडतूस जवळजवळ ८५ मि.मी. लांब असते, त्यामुळे ते .३१५ च्या मॅगझीनमध्ये मावत नाही. त्याची गोळीही बारीक असते आणि रुंद नळी कोणत्याही लेथवर अरुंद होत नाही. शिवाय .३०-०६ चा दाब बराच जास्त असतो आणि .३१५ चा बोल्ट मागच्या बाजूने अडकणारा, म्हणजे तुलनेने कमी दाब सोसणारा आहे. एवढे सगळे बदलायचे, तर जुन्या रायफलीचा दस्ताच तेवढा उरेल.

याच जातीची एक चूक म्हणजे एका रायफलीचा बोल्ट दुसऱ्या रायफलीत बसवणे. तो बसतो, बंदही होतो, आणि म्हणूनच माणूस फसतो. बोल्टवरचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर हेडस्पेस गेजने तपासल्याशिवाय मी ती रायफल कोणाच्या हाती देत नाही.

१२ बोअरच्या बंदुकीजवळ २० बोअरचे काडतूस कधीही ठेवू नये. ते चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकते, मालकाला चेंबर रिकामा दिसतो, तो मागून १२ बोअरचे काडतूस घालतो आणि नळी फुटते. २० बोअरचे कवच पिवळे ठेवण्याचा प्रघात याचसाठी आहे. चेंबर ६५ मि.मी.चा असेल, तर ७० मि.मी.चे काडतूस बंद होते म्हणून चालते असे समजू नये, कारण कवचाचे तोंड बार झाल्यावर उघडते आणि त्याला पुढे जागा लागते. नक्षीदार पिळाच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या, जुन्या नळ्यांतून आधुनिक काडतुसे उडवू नयेत, याविषयी मी चर्चाही करत नाही.

शेवटी गंजाविषयी, कारण चेंबर बिघडवण्याची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. पंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुकांच्या वेळी बंदूक बहुधा पोलीस ठाण्यात जमा होते, आणि पावसाळ्यातील दमट हवेत ती कापडी पिशवीत पडून राहिली, की चेंबरला खड्डे पडतात. मग कवच अडकते आणि मालक पॉलिश पेपर घेऊन चेंबर घासायला बसतो. गंज निघतो, पण त्याबरोबर मापही जाते, आणि पुढच्या वेळी तो तेच काडतूस आणखी घट्ट अडकल्याची तक्रार घेऊन येतो. जमा करण्यापूर्वी नळीत आणि चेंबरमध्ये तेलाचा पातळ हात फिरवावा, पिशवी काढून ठेवावी, पावतीवर बोअर आणि क्रमांक लिहिलेला आहे ना हे तिथल्या तिथे वाचावे, आणि बंदूक परत आल्यावर बार करण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसावे, कारण तेलकट चेंबरमध्ये कवच भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर किंवा दुनळी बंद ठेवणाऱ्या कुलुपावर येतो.