संगणकावरचे वेबपान तपासताना ब्राउझर अडवतो तेव्हा

पुस्तकांची यादी दाखवणारे एक साधे पान तयार केले आणि यादीची माहिती त्याच फोल्डरमधल्या जेसन फाइलमध्ये (माहिती साध्या मजकुराच्या रूपात ठेवणारी फाइल) ठेवली, असे समजू. पानाच्या फाइलवर डबल-क्लिक केले की शीर्षक दिसते, रंगही उमटतात, पण यादीची जागा रिकामीच राहते. अशा वेळी कोड पुन्हा पुन्हा वाचत बसण्याआधी एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुकांचे संदेश दाखवतो ती जागा, पाहावा. तेथे लाल अक्षरांत ‘सीओआरएस’ (एका ठिकाणच्या पानाला दुसऱ्या ठिकाणची माहिती वाचू देण्याबाबतचे नियम) आणि ‘ओरिजिन नल’ असा उल्लेख असेल, तर बहुधा दोष कोडचा नसून पान उघडण्याच्या पद्धतीचा आहे.

ब्राउझर पानाचे ‘ओरिजिन’, म्हणजे मूळ ठिकाण, प्रोटोकॉल (एचटीटीपीसारखी देवाणघेवाणीची पद्धत), होस्ट (पान देणाऱ्या संगणकाचे नाव) आणि पोर्ट (त्यावरच्या दाराचा क्रमांक) या तिन्हींवरून ठरवतो. थेट उघडलेल्या फाइलला होस्टच नसल्यामुळे तिच्या शेजारची फाइलही तिला परकी ठरते. हा जाच वाटतो खरा, पण ईमेलमधून उतरवलेल्या एखाद्या पानाला डाउनलोड फोल्डरमधल्या बाकीच्या फाइली वाचता आल्या, तर तेथेच पडलेले बँकेचे स्टेटमेंटही त्याच्या हाती लागेल. फायरफॉक्समध्ये अशी मुभा पूर्वी होती. जुलै २०१९ मधील ६८व्या आवृत्तीपासून ती बंद झाली.

यावरचा सरळ उपाय म्हणजे पान छोट्या स्थानिक सर्व्हरमार्फत, म्हणजे आपल्याच संगणकावर चालून पाने पुरवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, उघडणे. पायथन ३ ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवलेली असेल तर आणखी काही लागत नाही. विंडोजमध्ये आपले फोल्डर उघडून वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘सीएमडी’ ही तीन अक्षरे रोमन लिपीत टाइप करावीत व एंटर दाबावे. समोर येणाऱ्या काळ्या खिडकीत, रोमन लिपीतच, आधी पायथन, मग हायफन आणि त्याला जोडून एम, मग एचटीटीपी-टिंब-सर्व्हर आणि शेवटी ८००० हा आकडा, प्रत्येकामध्ये एक जागा सोडून, लिहावा. मॅक व लिनक्सवर पहिल्या शब्दाला ३ जोडावा लागतो. खिडकी तशीच ठेवून ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (संगणकाचे स्वतःसाठीचे नाव), विसर्गासारखे चिन्ह आणि ८००० असा पत्ता टाकला की यादी दिसू लागते. ८००० वर दुसरे काही चालू असेल तर ८००१ घ्यावे. काम झाल्यावर कंट्रोल-सी दाबून सर्व्हर थांबवावा. हा सर्व्हर एरवी त्याच वायफायवरील इतरांनाही खुला असतो, म्हणून कॅफेत बसून काम करताना वरच्या आज्ञेच्या शेवटी दोन हायफन व त्यांना जोडून बाइंड, मग जागा सोडून १२७.०.०.१ (फक्त याच संगणकापुरता पत्ता) हे अवश्य लिहावे.

क्रोमची वेब-सुरक्षाच बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मान्य नाही, कारण त्याच खिडकीत नंतर ईमेल उघडली जाते.

मोबाइलवर तपासताना मात्र नवी अडचण येते. संगणकाचा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता टाकल्यावर पान उघडते, तरी कॅमेरा आणि लोकेशन चालत नाहीत, कारण त्यांना एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) किंवा लोकलहोस्ट लागते. अँड्रॉइड फोनवर यूएसबी डिबगिंग (केबलवरून फोन तपासू देणारी सेटिंग) सुरू करून तो केबलने जोडावा, संगणकावरील क्रोमच्या ‘इन्स्पेक्ट’ पानावर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (फोनवरचे पोर्ट संगणकाच्या पोर्टला जोडण्याची सोय) ८००० नोंदवावे आणि फोनमध्येही लोकलहोस्टचाच पत्ता उघडावा.